मक्याच्या पिठाची ओळ

एनिफाला माती देऊन महिना उलटला, तरी तिच्या स्वयंपाकघरात लोकांची घमेली तशीच पडून होती. लाल, निळी, हिरवी, प्लास्टिकची, एकात एक घालून भिंतीला लावलेली. मयताला आलेल्या बायका ती ठेवून गेल्या, एवढंच तिच्या नवऱ्याला, लायसन लिकोंग्वेला, माहीत होतं. कुणाचं कुठलं ते त्याला कळत नव्हतं. रोज सकाळी चहाचं भांडं घ्यायला तो त्या चळतीला वळसा घालून जायचा आणि कामावर निघायचा.

कामावर ये म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. उलट सरकारी आकडेवारीच्या कचेरीतल्या त्याच्या विभागाच्या प्रमुख काम्बाले मॅडम म्हणाल्या होत्या, "लिकोंग्वेसाहेब, अजून थोडे दिवस घरी राहा." पण घरी राहून करायचं काय? झोम्बाच्या डोंगरावरून थंडीतली भुरभुर दिवसभर खाली उतरायची, पत्र्यावर तिचा आवाजसुद्धा होत नसे, आणि घरात बोलायला कुणी नव्हतं. कचेरीत निदान तक्ता होता.

तक्ता म्हणजे देशाच्या एका वर्षाच्या पुरवठ्याचा आणि वापराचा तक्ता. देशात जे पिकलं, बनलं, बाहेरून आलं ते एका बाजूला. ते कुठे गेलं ते दुसऱ्या बाजूला: कुणी खाल्लं, कुणी पेरलं, कारखान्यांना काय लागलं, परदेशी काय गेलं, गोदामात काय उरलं. प्रत्येक मालाची एक आडवी ओळ, प्रत्येक धंद्याचा एक उभा रकाना. आणि नियम एकच, की जे आलं ते कुठे ना कुठे गेलंच पाहिजे, आणि जे गेलं ते कुठून तरी आलंच असलं पाहिजे.

लायसनचे केस या कामात पांढरे झाले होते, पण या नियमाचं त्याला अजून नवल वाटायचं. चहा, तंबाखू, साबण, सायकलच्या ट्यूबा, सगळ्यांना तो लागू होता. चिल्वा तळ्याकाठी एखादी बाई मासळी वाळवायची. मग टेम्पोचं भाडं, व्यापाऱ्याचा नफा, बाजाराची पट्टी असं करत ती मासळी ब्लांटायरमधल्या कुणाच्या तरी ताटात जाऊन पोचायची, आणि ती सगळी वाट तक्त्यात दिसायची. ज्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही अशी माणसं एका ओळीत यायची.

लग्न नवं होतं तेव्हा त्यानं हे एनिफाला समजावून सांगितलं होतं. ती शाळेच्या फाटकापाशी मांडासी तळून विकायची. पिठाचे गोड गोळे, मुलं शाळा सुटली की त्यांच्यावर तुटून पडायची.

"म्हणजे माझी मांडासी तुमच्या तक्त्यात आहे?" तिनं विचारलं होतं.

"आहे."

"तेल?"

"आहे."

"जळण?"

"तेही आहे."

"आणि संध्याकाळी तुम्हाला न्सिमा घोटून वाढते तो?"

"त्याचं मक्याचं पीठ आहे. घोटणं नाही. घरच्या माणसांसाठी केलेला स्वयंपाक धरत नाहीत."

"वा! फाटकापाशी बसले की मी देशात, आणि घरात आले की देशाबाहेर!" ती हसून हसून खाली बसली होती. त्यानंतर ताट पुढे ठेवताना तिचं ठरलेलं असायचं, "घ्या, हिशेबाबाहेरचं."

यंदा नेमकी मक्याच्या पिठाची ओळ जुळत नव्हती, आणि ती ओळ लायसनकडे होती.

पीक किती आलं, त्यातलं बियाणं किती, नासलं किती, गिरण्यांतून पीठ किती निघालं, हे सगळं त्यानं पुन्हा पुन्हा तपासलं होतं. पण घरोघर जाऊन केलेली पाहणी सांगत होती, की निघालं त्यापेक्षा कितीतरी जास्त पीठ लोकांनी खाल्लं. फरक थोडाथोडका नव्हता.

"उंदरांनी खाल्लं असतं तर मी समजू शकलो असतो," शेजारच्या टेबलावरचा न्कोलोकोसा म्हणाला. व्यापाराचे आणि वाहतुकीचे रकाने त्याच्याकडे होते, आणि त्याचं तोंड दिवसभर चालायचं. "पण हे उंदीर रात्री येतात आणि कणगीत पीठ आणून ठेवतात! असले उंदीर माझ्या घरी पाठवून द्या की साहेब."

"मोझांबिकमधून मका येतो तो धरला?" काम्बाले मॅडमनी विचारलं.

"धरला. सायकलींवरून येतो तोसुद्धा धरला," लायसन म्हणाला. "तरी पुरत नाही."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्याच्याजवळ बसल्या. त्या वयानं त्याच्याहून लहान होत्या आणि त्याला काही सांगायचं असलं की आवाज खाली आणायच्या. "हे बघा, शुक्रवारी तक्ता बंद करायचा आहे. तोवर कारण सापडलं तर उत्तमच. नाही सापडलं तर संगणकाला सांगू, फरक घरांवर वाटून टाक म्हणून. सगळीकडे असंच करतात. पिकाचे आकडे पक्के आहेत. लोकांनी काय खाल्लं तेच कच्चं असतं."

"म्हणजे देशातल्या प्रत्येक घरानं खाल्लं त्यापेक्षा कमी खाल्लं, असं लिहायचं."

"थोडंसं कमी."

शेवटच्या दिवसांत एनिफा दोन घास खायची आणि तोंड फिरवायची. ते दोन घास गेले की नाही एवढ्यावर त्याचा दिवस चांगला की वाईट ते ठरायचं. खाल्लेला घास खाल्ला नाही असं लिहायला आता त्याचा हात वळत नव्हता. हे मॅडमना सांगता येण्यासारखं नव्हतं. ते कारण म्हणून चाललं नसतं.

"शुक्रवारपर्यंत बघतो," तो म्हणाला.

बुधवारी तो घरी आला तर दार उघडं होतं आणि एनिफाची धाकटी बहीण फालेसी स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती वरच्या वस्तीत राहायची. मेहुणी म्हणून थट्टा करायचा हक्क तिनं मयतातसुद्धा सोडला नव्हता.

"भावोजी, घमेल्यांचं दुकान काढलंय का?"

"ज्यांची त्यांनी न्यावी. मला काय कळतंय?"

"हो ना. अख्ख्या देशात कुठे काय आहे ते तुम्हाला ठाऊक, फक्त आपल्या स्वयंपाकघरातलं सोडून!" तिनं पदर कमरेला खोचावा तसं चितेंजेचं कापड कमरेला घट्ट बांधलं आणि चळत उतरवायला बसली. "हे लाल मेरिफाचं. हे निळं चर्चच्या बायकांचं, खाली खूण आहे बघा. हे बसस्टँडजवळच्या टेलरच्या बायकोचं. आणि हे तडा गेलेलं आजीचं, गिरणीवाल्याच्या आईचं."

"ती म्हातारी इथवर आली होती?"

"येईल नाही तर काय? काठी टेकत आली."

लायसनला आठवत नव्हतं. ते तीन दिवस तो बाहेर आंब्याखाली पुरुषांत बसला होता. त्याला फक्त पाय आठवत होते, येणारे आणि जाणारे.

"यांतून काय आणलं होतं?" त्यानं विचारलं.

फालेसीनं मान वर केली. "काय आणलं होतं? पीठ! नाही तर तीन दिवस लोक काय ढग खात होते?"

"मी काही खाल्लं नाही."

"तुम्ही नाही खाल्लं. तुमच्या अंगणात गाव जेवलं. ब्लांटायरहून ट्रक भरून तुमची माणसं आली, ती जेवली. ते सगळं कुठून आलं? एनिफाच्या डब्यात तर एका वेळचं पीठ नव्हतं."

लायसन दारातच उभा होता. तो आत आला, स्टूल ओढून तिच्यासमोर बसला. तरुणपणी तो स्वतः फॉर्म घेऊन दारोदार फिरला होता. प्रश्न अजून पाठ होते.

"फालेसी, समज मी पाहणीवाला आहे. सांग, त्या आठवड्यात तुझ्या घरी पीठ किती लागलं?"

"काय हो हे?"

"सांग तर."

"बादलीभर. नेहमीच्या दुप्पट."

"पाहुणे होते?"

"पाहुणे कसले! एक घमेलं इथे आणलं की."

"पाहणीवाला पुढे विचारतो, घरातलं काही कुणाला भेट दिलं का? तू काय सांगशील?"

फालेसीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "भेट? माझी बहीण मेली आणि मी भेट दिली? लग्नात देतात भेट. बाळ झालं की देतात. कुणी मला दारात येऊन असं विचारलं तर घमेलं डोक्यात घालीन त्याच्या."

"मग ते काय असतं?"

"काय असतं म्हणजे? पीठ असतं. माझ्या घरी लागलं ते. चूल तेवढी तुमच्याकडे होती."

"आणि मला विचारलं असतं, तुमच्या घरी किती पीठ लागलं, तर?"

"पोत्यांनी लागलं म्हणून सांगा. खोटं कशाला बोलायचं?"

लायसन समोरच्या घमेल्यांकडे बघत राहिला.

"भूत बघितलं की काय तुम्ही?"

"तू खरं सांगितलंस," तो म्हणाला. "मीही खरंच सांगितलं असतं."

"मग झालं काय?"

"काही नाही. चहा टाकतो. बस."

तिनं चहा घेतला, जमतील तेवढी घमेली डोक्यावर घेतली आणि उरलेली नंतर नेते म्हणून गेली. भावोजींचं काही खरं नाही, असं ती वाटेत कुणाला तरी सांगत असल्याचं त्याला ऐकू आलं.

गुरुवारी तो कचेरी उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसला होता.

पाहणी करणारी माणसं एका वस्तीत जाऊन मुक्काम करायची आणि तिथली काही घरं निवडून एकाच आठवड्यात विचारायची. घरात नुकतं कुणी गेलं का, हाही एक प्रश्न होता. आणि बाहेरची माणसं जेवली का, हा दुसरा. त्या दोन प्रश्नांची उत्तरं आजवर पिठाच्या उत्तराजवळ कुणी आणून ठेवली नव्हती. कारण पिठाशी त्यांचा संबंध काय?

लायसननं ती जवळ आणून ठेवली. मयत झालेली घरं त्यानं वेगळी काढली. त्या घरांत पीठ पोत्यांनी लागलं होतं, ते लागणारच. मग त्याच वस्तीतली, त्याच आठवड्यातली बाकीची घरं काढली. तिथे मयत नव्हतं, पाहुणे नव्हते, भेट काही दिलेली नव्हती. आणि त्या प्रत्येक घरात पीठ जास्त लागलं होतं. घमेलंभर जास्त.

एक वस्ती बघून त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं दुसरी काढली. मग तळ्याकाठची मांगोचीकडची काढली, जिथे लोक मशिदीत जातात. मग अगदी उत्तरेची करोंगाची, जिथली भाषा त्याला धड कळत नाही. मग खाली दक्षिणेला न्सान्जेची. जिथे जिथे एका घरात मयत झालं होतं, तिथे तिथे भोवतालच्या घरांचं पीठ वर गेलं होतं. ज्या वस्तीत मयत नव्हतं तिथे सगळं नेहमीसारखं.

न्कोलोकोसा काहीतरी बोलत आत आला आणि त्याच्यामागे येऊन थांबला.

"काय आहे हे?"

"उंदीर," लायसन म्हणाला. "तुझे पीठ आणणारे."

त्यानं बोट ठेवून दाखवलं. इथे कुणी मेलं, आणि ही त्याच्या शेजारची घरं. इथे कुणी मेलं, आणि ही त्याच्या शेजारची. न्कोलोकोसा वाकून बघत राहिला.

"महिने लाव," तो म्हणाला. "महिन्यांप्रमाणे लाव बरं."

लायसननं महिने लावले. सगळ्यांत जास्त फरक पावसाच्या शेवटच्या महिन्यांत होता. तेव्हा ताप फिरतो आणि माणसं जास्त जातात. तेव्हाच नवं पीक उभं असतं आणि जुनं संपलेलं असतं, लोक एका वेळच्या जेवणावर येतात. त्या महिन्यांत ही शेजारची घरं आपल्यापुरतं कमी शिजवत होती. ते दुसऱ्या प्रश्नांतून दिसत होतं. पण घमेलं कमी झालं नव्हतं.

लायसनला वाटलं, मी आयुष्यभर हा देश मोजतो आणि मला हे माहीत नव्हतं. एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन शेजारच्या अंगणात जाते, यात बघण्यासारखं काय आहे? लहानपणापासून तो ते बघत होता. पण त्या सगळ्या बायका एकदम दिसल्या तर केवढं होतं! करोंगापासून न्सान्जेपर्यंत, वर्षभर, रोज. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी लिहून घेतलं नव्हतं, कुठला कायदा नव्हता. तरी त्या एवढ्या निघाल्या होत्या, की देशाच्या हिशेबाची मोठ्यातली मोठी ओळ जागची हलली होती. आणि त्यांतल्या काही त्याच्याच दारात आल्या होत्या.

"आई गेली तेव्हा मी गाडीच्या भाड्यावरून भांडत होतो," न्कोलोकोसा म्हणाला. "पीठ कुठून आलं ते विचारलंच नाही. खाल्लं मात्र."

त्यानंतर तो दिवसभर गप्प होता. चहावाली बाई येऊन त्याला ताप आहे का ते बघून गेली.

शुक्रवारी सकाळी काम्बाले मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मध्ये दोन ठिकाणी अडवलं, एका वस्तीचे आकडे पुन्हा काढायला लावले. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे लोकांनी जास्त खाल्लं नाही. आपण एकच पीठ दोनदा मोजलं. देणाऱ्याच्या घरात एकदा आणि मयताच्या घरात एकदा."

"हो. आणि खोटं कुणीच बोललं नाही."

"मग देणाऱ्यांच्या घरांतून काढून टाका. जिथे जेवले तिथे राहू दे." त्या उठल्या. "काढायच्या आधी मला एकदा दाखवा."

त्यानं पडद्यावर आणलं. मॅडम उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी लिलोंग्वेकडची एक वस्ती काढायला सांगितली. त्यांच्या माहेरच्या बाजूची. तिथेही तसंच होतं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता करा."

लायसननं आकडे बदलले. पुरवठा आणि वापर जवळजवळ येऊन टेकले. जे थोडं उरलं ते सरहद्दीवरच्या सायकलींचं असणार, ते मॅडमनी मान्य केलं. कुणाच्याही खाल्लेल्या घासाला हात लागला नाही. ओळ जुळली.

पण जुळली तशी ती बाकीच्या ओळींसारखी दिसायला लागली. काल जे दिसलं होतं त्याची त्यात खूणही नव्हती.

"मॅडम, आता ते कुठेच नाही," तो म्हणाला.

"बरोबर जुळलेल्या तक्त्यात ते नसतंच, साहेब. खाल्लं कुणी तेवढं तक्ता विचारतो. आणलं कुणी ते विचारत नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आपण चुकलो म्हणून दिसलं."

लायसनला एनिफाचं बोलणं आठवलं. हिशेबाबाहेरचं. त्यानं तोंड पुसल्यासारखं केलं आणि फाइल बंद केली.

शनिवारी सकाळी गिरणी बंद होती. शनिवारी गिरणी कधी बंद नसते, म्हणून लायसननं रस्त्यावरच्या माणसाला विचारलं. गिरणीवाल्याची आई पहाटे गेली होती.

थोड्या वेळानं त्याच्या दारावरून बायका जायला लागल्या. आधी मेरिफा, मग चर्चच्या दोघी, मग टेलरची बायको. प्रत्येकीच्या डोक्यावर घमेलं. त्यांतली काही घमेली त्याच्या ओळखीची होती, बुधवारपर्यंत त्याच्या भिंतीला लागून होती. कुणी त्याच्या दाराकडे बघितलं नाही. त्या घरातून आता कुणी निघणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

लायसन आत गेला. म्हातारीचं तडा गेलेलं घमेलं अजून कोपऱ्यातच होतं. त्यानं ते धुतलं, पुसलं. एनिफाच्या डब्यातलं पीठ काढलं, ते घमेल्याचा तळ झाकण्यापुरतंच आलं. डबा उलटा करून झटकला. मग स्वतःसाठी आणलेली पिठाची पिशवी फोडून त्यात ओतली. तडा होता त्या बाजूला फडका लावला. डोक्यावर त्याला ते जमेना, म्हणून खांद्यावर घेतलं आणि निघाला.

गिरणीवाल्याच्या अंगणात पुरुष एका बाजूला फळ्यांवर बसले होते. चुली मागच्या बाजूला होत्या. लायसन तिकडे वळला तशी बायकांची कुजबुज थांबली. मोठ्या पातेल्याजवळून फालेसी उठली.

"भावोजी! पुरुष तिकडे. वाट चुकलात की बाईमाणूस झालात?"

दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "राहू द्या हो, घोटायला लावू त्यांना. हात कसे दुखतात ते कळू दे."

"पीठ आणलंय," लायसन म्हणाला. त्याचा खांदा आणि अर्धी पाठ पांढरी झाली होती. तड्यातून वाटभर सांडलं होतं.

फालेसीनं घमेल्याकडे बघितलं. ते कुणाचं होतं ते तिनं लगेच ओळखलं. तिनं थट्टा केली नाही. दोन्ही हातांनी ते त्याच्याकडून घेतलं आणि चटईवरच्या ढिगाकडे गेली. ढिगापाशी एक परगावची म्हातारी बसली होती, आलेलं पीठ सारखं करत. तिनं वर न बघताच विचारलं, "कुणाच्या घरचं, बाई?"

"एनिफाच्या," फालेसी म्हणाली आणि घमेलं उलटं केलं.

लायसन बघत होता. ढीग त्याच्या कमरेएवढा होता. आता त्यातलं आपलं कुठलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. म्हातारीनं त्यावरून हात फिरवला, वाडगं भरून घेतलं आणि चुलीकडे दिलं. तो मागे फिरला आणि पुरुषांत जाऊन बसला.

दुपारी ताटं आली. त्यानं हात धुतले आणि पुढ्यात आलेला न्सिमा खाल्ला.